टाकायचा नाही, ठेवायचा

महारुद्रचं नाव त्याच्या वडलांनी परस्पर देऊन टाकलं होतं. त्याला ते कळलं शिवलिंगकडून, आणि तेही जळकोटच्या मोटारथांब्यावर, चार लोकांच्या देखत.

संक्रांत होऊन गेली होती. उमरग्याच्या बाजारातून दोघं एकाच मोटारीनं आले होते. उतरल्यावर शिवलिंगनं आपलं गाठोडं खांद्यावर टाकलं आणि विचारलं, "काय रुद्रा, यंदा गुंडूला हात घालनार म्हनं तू?"

"कोन म्हनलं?"

"आबाच म्हनले तुजे. काल पारावर, पंचांच्या म्होरं. यंदा धाकटा उचलंल आन् मान माघारी घरी आनंल, असं म्हनले. तुला ठावं न्हाय?"

महारुद्रनं नकाराची मान हलवली. शिवलिंगचं हसू ओसरलं. लहानपणी दोघं एकाच तालमीत अंगाला माती लावून घेतलेले. तो हलक्या आवाजात म्हणाला, "सांभाळून कर बाबा. दगडोबादादाचं म्या डोळ्यांनी बगितलंय."

गुंडू म्हणजे मारुतीच्या देवळासमोर पाराच्या कडेला पडलेला काळा, वाटोळा दगड. पलीकडच्या कानडी मुलखातून हा शब्द गावात आला आणि राहिला. दगडाला ना खाच ना कोपरा. बोटं अडकवायला कुठंच जागा नाही. चैत्रात मारुतीच्या जत्रेला जवान गडी तो दगड जमिनीवरून मांडीवर घेत, मांडीवरून छातीवर, आणि छातीवरून खांद्यापलीकडं टाकून देत. ज्या घरच्या गड्यानं टाकला त्या घरची बैलजोडी वर्षभर पालखीच्या पुढं चाले. रझाकारांच्या धामधुमीत जत्रा भरली नव्हती. निजाम गेला, आणि नंतरच्या पहिल्याच जत्रेत महारुद्रच्या वडलांच्या, ज्ञानोबांच्या, थोरल्या मुलानं, दगडोबानं, गुंडू टाकला. पुढं काही वर्षं तो मान त्यांच्या घरातून हलला नाही. मग एका चैत्रात दगड त्याच्या छातीपर्यंत चढला, आणि दगडोबा दगडासकट खाली बसला. तेव्हापासून तो सरळ उभा राहिला नाही. सोलापूरच्या डॉक्टरनं मणक्याची काय ती गोष्ट सांगितली, पट्टा दिला, आणि जड काम बंद म्हणून सांगितलं. शेतकऱ्याच्या घरात जड काम बंद म्हणजे सगळंच बंद. दगडोबा सोप्यातल्या बाजेवर पडून असायचा, उठला तर काठी टेकत, जमिनीकडं बघत चालायचा. मान गेला वरच्या आळीत, शिवलिंगच्या घरी.

महारुद्र तेव्हा सोलापुरात मामाकडं राहून गिरणीत कामाला होता. थोरला पडला म्हणून त्याला गिरणी सोडून नांगरामागं यावं लागलं. येताना त्यानं पत्र्याच्या पेटीत दोन लोखंडी डंबेल्स आणि हातभर लांबीचा एक आरसा आणला होता. आरसा बघून गाव पोट धरून हसलं.

घरी पोहोचेपर्यंत त्याचं डोकं तापलं होतं. ज्ञानोबा ओसरीवर दोरखंडाला पीळ घालत बसले होते.

"आबा, माजं नाव तुमी मला न इचारता दिलं?"

"बापानं पोराचं नाव द्यायला इचारावं लागतंय व्हय?" ज्ञानोबांनी मान वर केली नाही.

"माजी तयारी न्हाय."

"तयारी?" आता त्यांनी दोरखंड खाली ठेवला. "रोज तांबडं फुटायच्या आत उठून गोठ्यात काय करतोस मंग? आरशात बगून वेनी घालतोस?"

सोप्यातल्या बाजेवर दगडोबा भिंतीकडं तोंड करून पडला होता. तो जागा आहे हे दोघांनाही माहीत होतं. ज्ञानोबांनी आवाज खाली आणला नाही. "गाव मला इचारतंय, ज्ञानोबा, धाकट्याचं अंग तर लई भरलंय, मंग ते नुसतं दावायलाच हाय का? काय सांगू म्या? ते अंग काय कामाचं? शिवलिंग्याची बैलं माज्या दारावरनं पालखीम्होरं जात्यात. म्या दार लावून बसतो, दार!"

महारुद्रला उत्तर देता आलं असतं, पण ते उत्तर वडलांच्या कामाचं नव्हतं. ते वसंतरावांचं होतं.

वसंतराव सोलापूरच्या व्यायामशाळेत शिकवायचे. स्वतः मध्यम बांध्याचे, बारीक आवाजाचे. पहिल्या दिवशी महारुद्रनं गिरणीतल्या पोरांवर छाप पाडायला बारबेलवर होती नव्हती ती सगळी वजनं चढवली आणि हिसका देऊन डोक्यावर नेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं वरूनच बारबेल सोडून दिली, फरशी हादरली. वसंतराव जवळ आले आणि म्हणाले, "वर गेलं खरं. पण नेलं कुणी? दंडांनी नेलं, मांड्यांनी नेलं, की नुसत्या हिसक्यानं?" महारुद्रला सांगता येईना. त्यांनी सगळी वजनं काढली, नुसता दांडा त्याच्या हातात दिला आणि त्याला आरशासमोर उभं केलं. पाठीवर दोन बोटं ठेवून म्हणाले, "इथून ओढ. हातानं नको, इथून." त्याला ती जागा सापडेना. रिकामा दांडा ओढताना तो घामानं भिजला.

पुढं कित्येक महिने तो हेच शिकला. ज्या स्नायूचं काम त्यानंच करायचं. शेजारचा मदतीला धावला की वजन जास्त झालं असं समजायचं. वर नेताना जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट वेळ खाली आणताना. "टाकायचं नाही, ठेवायचं," वसंतराव म्हणत. "ठेवताना आवाज झाला, तर ते तू ठेवलं नाहीस, तुझ्या हातून सुटलं." महारुद्रचं अंग बदललं. पोटाची एकेक आडवी घडी त्याला वेगळी हलवता यायला लागली, पाठीचे पंख पसरून पुन्हा मिटता यायला लागले. गणपतीच्या मेळ्यात त्याला मांडवात उभा करत तेव्हा बघायला गर्दी व्हायची. पण त्याला त्या गर्दीपेक्षा आतली ओळख मोलाची वाटायची. अंगात कुठं काय चाललंय, कोण काम करतंय आणि कोण दमलंय, हे त्याला घरातल्या माणसांसारखं कळायचं.

हे सगळं आबांना कसं सांगायचं?

आठवड्याभरात ज्ञानोबांनी ओढ्यातून एक मोठा दगड गाडीत घालून आणला आणि गोठ्याच्या दारात पाडला. "गुंडूपरीस थोडा उना हाय. उचल."

महारुद्र दगडाजवळ गेला. पाय रुंद केले, कंबर मोडू न देता बसला, दगडाला मिठी घातली आणि मांडीवर ओढून घेतला. तिथंच थांबला. श्वास मोजून घेतला, आणि पुन्हा तितक्याच सावकाश दगड दोन पायांच्या मधे खाली ठेवला.

"वर घे की!"

"आज एवढाच."

"आन् त्यो खाली ठिवायला एवढा येळ? खाली ठिवायला काय लागतंय? सोडला की जातोय खाली!"

महारुद्रनं पुन्हा दगडाला मिठी घातली. पुन्हा मांडीपर्यंत, पुन्हा खाली. ज्ञानोबा तोंडातल्या तोंडात काही बोलत निघून गेले.

माघ सरला, फाल्गुन लागला. दगड मांडीवरून पोटावर आला, पोटावरून छातीच्या खालपर्यंत. पण तिथं एक जागा होती. मांड्यांचं काम संपून पाठीनं ते हातात घ्यायचं, नेमकं त्या क्षणी कमरेच्या वर, डाव्या बाजूला काहीतरी सैल पडायचं. दुखायचं नाही. नुसतं सैल पडायचं, गाठ सुटल्यासारखं. महारुद्र तिथंच थांबायचा आणि परत यायचा. रोज परत यायचा. ती जागा हळूहळू घट्ट होत होती, पण हळूहळू. त्याच्या हिशेबानं अजून वर्ष लागणार होतं. चैत्र दारात आला होता.

ज्ञानोबा रोज गोठ्याच्या तोंडाशी उभे राहायचे. "झटका दे एकदा! एकदा झटका दिलास की गेला वर. तुज्या दादाला काय शिकवाय लागलं न्हवतं."

सोप्यातून काठीचा आवाज यायचा. गोठ्यात दगडाची कसरत सुरू झाली की दगडोबा उठायचा आणि वाकूनच मागल्या दारानं बाहेर जायचा. महारुद्रशी तो इतर सगळं बोलायचा, ज्वारीचं, बैलाच्या खुराचं, पाटाच्या पाण्याचं. दगडाचं एक अक्षर नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी लक्ष्मीबाई, दगडोबाची बायको, भाकरी घेऊन रानात आली. महारुद्र बांधावर जेवायला बसला. ती निघाली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"भावजी, एक इचारू?"

"बोला की वैनी."

"उद्या... उचलताना, मदीच कळतंय का वो, आता न्हाय जमायचं म्हनून?"

महारुद्रचा घास हातात राहिला. "कळतंय."

"मंग ह्यास्नी कळलं नसंल का?"

तिनं भाकरीचं फडकं उचललं आणि म्हणाली, "ह्या घरात दोन बाजा नगंत मला." आणि उन्हातून झपाझप निघून गेली.

जत्रेच्या दिवशी ऊन उतरायला लागलं तेव्हा पाराभोवती माणूस मावत नव्हता. आळंगा, नळदुर्गाकडची माणसं गाड्या करून आली होती. पोरं देवळाच्या भिंतीवर चढली होती. हलगी कडकडत होती. गुंडूला शेंदूर फासला होता, हार घातला होता. उचलण्याआधी हार काढून पुजारी बाजूला झाला.

आधी दोघा-तिघांनी हात घालून बघितला. दगड मांडीवर आला की ते हसत मागं सरत, कारण त्यांच्यावर कुणाच्या घरचं ओझं नव्हतं. मग शिवलिंग उतरला. त्यानं मारुतीला हात जोडले, दोन्ही तळव्यांना माती चोळली, आणि गरजला. दगड मांडीवर आला. दुसऱ्या हिसक्याला छातीवर. त्याची पाठ धनुष्यासारखी वाकली, मानेच्या शिरा तटतटल्या, चेहरा काळानिळा झाला. तिसऱ्या हिसक्याला दगड खांद्यावर गेला आणि मागं धाडकन पडला. पायाखालची जमीन हादरली. लोकांनी फेटे उडवले. शिवलिंग उजवा खांदा डाव्या हातानं दाबून धरून उभा होता आणि हसत होता. तो हात त्यानं बराच वेळ काढला नाही. ते फक्त महारुद्रच्या ध्यानात आलं.

"ज्ञानोबाचा धाकटा!" पंचांपैकी कुणीतरी ओरडलं.

महारुद्रनं सदरा काढला. गर्दीत एक कुजबुज पसरली. असं कोरलेलं अंग गावानं उघड्यावर बघितलं नव्हतं. कुणीतरी शीळ घातली. "आरसा आना रं!" असा आवाज आला आणि हशा पिकला. ज्ञानोबा पुढच्याच रांगेत होते, नवा फेटा बांधून. लक्ष्मीबाई बायकांच्या घोळक्यात होती. तिच्या मागं, देवळाच्या ओट्याला टेकून, दगडोबा उभा होता. तो येईल असं महारुद्रला वाटलं नव्हतं. त्या चैत्रानंतर तो देवळाकडं फिरकलाच नव्हता.

महारुद्र बसला. दगड तापलेला होता. त्यानं मिठी घातली, बोटं दगडाखाली सरकवली, पोट आत घट्ट धरलं. घाई केली नाही. हलगीवाला वाट बघून थांबला. मग दगड जमिनीवरून सुटला आणि आवाज न करता त्याच्या मांडीवर आला. गर्दी गप्प झाली. इतक्या निवांतपणे गुंडू मांडीवर येताना कुणी पाहिला नव्हता.

मांडीवरून पोटावर. मांड्या काम करत होत्या, त्याला एकेक तंतू कळत होता. पोटावरून छातीच्या खाली. आता पाठीनं हातात घ्यायचं. तो उठायला लागला, गुडघे अर्धे सरळ झाले, आणि ती जागा आली.

सैल पडली.

तो थांबला. दगड छातीशी, गुडघे अर्धे वाकलेले, सगळं अंग ताणलेलं. घाम डोळ्यांत उतरला. गर्दीला वाटलं, तो दम घेतोय. हलगी पुन्हा कडकडायला लागली.

"झटका दे!" आबांचा आवाज. "दे झटका, रुद्रा! गेला वर! दे!"

गर्दीनं तो शब्द उचलला. झटका दे, झटका दे. हलगीच्या तालावर सगळं मैदान ओरडायला लागलं. महारुद्रला ठाऊक होतं, झटका दिला तर दगड वर जाईल. बहुतेक जाईल. ताकद होती. फक्त ती सैल जागा त्या झटक्याच्या आड येणार होती, आणि ती टिकली तर टिकली. आबांचा फेटा त्याला दिसत होता. रात्री आपल्या दारावरून जाणारी पालखी दिसत होती. त्याची टाच उचलली गेली. झटका द्यायला टाच आधी उचलते. क्षणभर तो खरंच देणार होता.

मग त्यानं टाच परत टेकवली.

खाली ठेवणं उचलण्यापेक्षा जड होतं. सोडून देता आलं असतं, पण दगड पायावर गेला असता, आणि सोडताना पाठीला जो हिसका बसतो तोच सगळ्यात वाईट. त्यानं श्वास रोखला नाही, बारीक बारीक सोडत राहिला. गुडघे वाकवले, कुल्ले मागं नेले, दगड छातीवरून पोटावर, पोटावरून मांडीवर घेतला. मांड्या पेटल्या होत्या. गर्दी अजून ओरडत होती. काय चाललंय ते तिच्या उशिरा ध्यानात आलं आणि आवाज तुकड्या-तुकड्यांनी बंद पडला. मांडीवरून दोन पावलांच्या मधे. शेवटची दोन बोटं त्यानं दगडाखालून काढून घेतली तेव्हा मातीवर दगड टेकल्याचाही आवाज आला नाही.

तो उभा राहिला. सरळ.

मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळे. "निजवला रं, निजवला! अंगाई म्हन आता!" पोरांनी शिट्या मारल्या. ज्ञानोबा उठले. त्यांनी कुणाकडं बघितलं नाही. फेटा डोक्यावरून काढून काखेत धरला आणि उघड्या डोक्यानं गर्दीतून वाट काढत निघून गेले.

महारुद्रनं सदरा उचलला. त्याचे कान जळत होते. आपण बरोबर केलं असं त्याला त्या क्षणी मुळीच वाटत नव्हतं. भ्यालो, एवढंच वाटत होतं. ती जागा कदाचित टिकलीही असती. आता ते कधीच कळणार नव्हतं.

दिवेलागणीला घरात पानं वाढली गेली. जत्रेचा दिवस म्हणून पुरणपोळी होती. ज्ञानोबा जेवायला बसले, पण मुलाकडं पाठ करून. लक्ष्मीबाई तूप वाढत होती. बाहेरून पालखीच्या तयारीचा गलबला येत होता.

दगडोबा बाजेवरून उठून पाटावर येऊन बसला. एरवी तो बाजेवरच जेवायचा.

"रुद्रा," तो म्हणाला, "कुठं सैल पडली?"

महारुद्रनं चमकून वर बघितलं. "कमरेच्या वर. डावीकडं."

"माजी उजवीकडं." दगडोबानं पोळीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "मला कळलं हुतं."

ज्ञानोबांचा हात पानात थांबला.

"लोकं म्हंत्यात, अचानक झालं. अचानक न्हाय झालं. दगड छातीला हुता आन् मला कळलं हुतं, आता म्होरं न्हाय. आज ह्यो जितं थांबला, तितंच." दगडोबा सावकाश बोलत होता, शब्द बरेच दिवस आत ठेवलेले असावेत तसा. "पर खाली कसा ठिवायचा, ते मला कुनी शिकवलंच न्हवतं. वर न्यायचं तेवडं शिकवलं. आन् आबा, तुमी वरडत हुता."

"म्या..." ज्ञानोबांचा आवाज चिरकला. "म्या तुला हुरूप याया वरडत हुतो!"

"व्हय. म्या तुमच्यासाटीच झटका दिला मंग."

चुलीतलं लाकूड तडकलं. लक्ष्मीबाईनं तोंडावर पदर घेतला होता. ज्ञानोबा पाठ करून बसले होते, त्यामुळं त्यांचा चेहरा कुणालाच दिसत नव्हता. फक्त पाठ दिसत होती, आणि ती हलत नव्हती. मग ते पान तसंच ठेवून उठले. बाहेर जाऊन बैलांच्या पाठीवर हात फिरवत राहिले. पालखी दारावरून गेली तेव्हाही ते तिथंच, दावणीशी उभे होते. दार लावायचं त्या वर्षी कुणाला सुचलं नाही.

नंतरचे दिवस वाईट गेले. पारावर गेलं की टोमणे. महारुद्रनं दोनदा पत्र्याची पेटी भरली, सोलापूरला परत जायचं म्हणून, आणि दोनदा परत उघडली. नांगरट बाकी होती. ज्ञानोबा त्याच्याशी कामापुरतं बोलायचे. त्यांनी झाल्या प्रकाराबद्दल चूक कबूल केली नाही, त्याला शाबासकी दिली नाही. एकच झालं. पारावर कुणीतरी म्हणालं, "ज्ञानोबा, धाकट्याला चोळी-बांगडी करा की आता," तेव्हा पूर्वी ज्यांनी घरी येऊन मुलावर आग पाखडली असती ते ज्ञानोबा चिलीम आपटून ओरडले, "तुज्या घरात पाठ मोडलेला हाय का कुनी? मंग गप बस!"

वैशाखात एका सकाळी शिवलिंग गोठ्यात आला. फेटा हातात होता.

"कुनाला बोलू नगंस," तो म्हणाला. "उजवा हात कानाच्या वर जाईना. बायको फेटा बांधतीया."

महारुद्रनं त्याला आरशासमोर बसवलं, खांद्याच्या पाठीमागं दोन बोटं ठेवली आणि सांगितलं, "हात नगं उचलू. आदी हितनं मागं घे. हितनं."

"कुठनं?"

"हितनं. गावंल. मला लई दिस लागले."

बोटांखाली काहीतरी किंचित हललं. शिवलिंगनं लहान पोरासारखं तोंड उघडं टाकलं. मागल्या दारात काठी टेकून दगडोबा उभा होता. यावेळी तो बाहेर निघून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच विचारलं, "माज्यात काय उरलंय का?"

महारुद्रनं त्याला काही कबूल केलं नाही. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. त्यानं दादाला जमिनीवर घोंगडीवर उताणं झोपवलं, गुडघे वर घ्यायला लावले आणि पोटावर तळहात ठेवला. "काय उचलायचं न्हाय. नुसतं हे आत घट्ट धरा. श्वास चालू ठिवा. बास. सोडा." एवढीच कसरत, कित्येक दिवस. दगडोबा चिडायचा, शिव्या द्यायचा, म्हणायचा, ह्याला कसरत म्हंत्यात? आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घोंगडी अंथरायचा. पावसाळ्यात तो बाजेवरून हात न टेकता उठायला लागला. पाठ सरळ झाली नाही, ती होणारही नव्हती. पण जमिनीवर खिळलेली नजर समोरच्या माणसाच्या छातीपर्यंत वर आली, मग कधीमधी तोंडापर्यंत.

महारुद्र दिवाळीच्या सुमाराला उस्मानाबादला जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरला आणि दुसरा आला. गावात त्याचं फारसं कौतुक झालं नाही. आरशात बघून बक्षीस मिळतं हे लोकांना पटलंच नाही. गुंडूला त्यानं पुढच्या चैत्रात हात घातला नाही. त्याच्या पुढच्या चैत्रात घातला, खांद्यावर घेतला, आणि टाकायच्या ऐवजी तसाच पुन्हा छातीवरून, मांडीवरून खाली आणून ठेवला. पंचांत वाद झाला, ज्यानं टाकलाच नाही त्याला मान द्यायचा कसा. वाद मिटला नाही. त्या वर्षी पालखीपुढं ज्ञानोबांच्या आणि शिवलिंगच्या, दोन्ही घरची बैलं चालली.

पण घरातल्यांच्या आठवणीत राहिलं ते त्याच्या आधी, पहिल्या वर्षीच्या रब्बीच्या पेरणीला घडलेलं. वाफसा आला होता, रान पेरणीजोगं झालं होतं. ज्ञानोबांनी पेरणीची तिफण बैलांना जुंपली. चाड्यावर मूठ धरून बी सोडायला लक्ष्मीबाईनं ओटी भरून घेतली होती. दगडोबा काठी घेऊन बांधावर आला, काठी बाभळीला टेकवून ठेवली आणि बायकोपुढं हात केला.

"दे हिकडं."

तिनं ज्ञानोबांकडं बघितलं. ज्ञानोबांनी कासरा हातात घेतला आणि बैलांना हाक दिली. दगडोबा तिफणीच्या मागं, थोडा वाकून, एका हातानं तिफणीचा दांडा, रुमणं, धरून, दुसऱ्या हातानं चाड्यात ज्वारी सोडत चालायला लागला. महारुद्र बांधावर श्वास धरून उभा होता.

ज्ञानोबांचे बैल गावात चपळ म्हणून नावाजलेले. त्या दिवशी त्यांनी कासरा असा खेचून धरला होता की बैल पाऊल मोजून टाकत होते आणि मधूनच वैतागून माना हलवत होते. सगळं रान त्या चालीनं पेरून व्हायला दोन दिवस जास्त लागले. म्हाताऱ्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही, आणि एकदाही कासरा सैल सोडला नाही.